असली, नकली आणि सांगता येत नाही

रनाळ्यात माझ्या कामाला नाव नाही. गावाच्या लेखी मी मोबाइल दुरुस्त करतो आणि ते खोटंही नाही. नंदुरबार-दोंडाईचा रस्त्यावरच्या माझ्या दुकानात दिवसभर फुटलेले डिस्प्ले, सैल झालेल्या चार्जिंग पिना आणि शेतात पाणी धरताना चारीत पडलेले फोन येतात. घरखर्चातला बराच वाटा मात्र ज्या कामातून निघतो, ते रात्री जेवणं झाल्यावर सुरू होतं. पुण्याहून, बंगळुरूहून, अधूनमधून अमेरिकेतून कुणीतरी फोटो पाठवतं. फोटोत व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट असते. ती कुठेतरी ऑनलाइन विकायला निघालेली असते, किंमत काही हजारांत, क्वचित लाखात. मी फोटो बघतो आणि तीनपैकी एक उत्तर देतो : असली, नकली, सांगता येत नाही. फी आधी घेतो. उत्तर कुठलंही असलं तरी फी तीच.

घरच्या आबांना हे काम कळलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘खेळनाले लोके इतला पैसा देतस?’ देतात, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कापसाच्या भावाकडे वळले.

खरं तर या कामासाठी माझ्याइतका अपात्र माणूस शोधून सापडला नसता. लहानपणी मी एकही असली कॅसेट बघितलेली नाही. माझ्या पिढीत रनाळ्यातच काय, नंदुरबारला किंवा दोंडाईचाला तरी कुणी बघितली असेल का, शंका आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा जो गेम आमच्याकडे आला, तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल होता. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये विक्रीला आला. त्याच्या कॅसेटला साठ पिना होत्या आणि परकी कॅसेट अडवणारं कुलूप आत नव्हतं. त्यामुळे नक्कल करणाऱ्यांना रान मोकळं मिळालं. अमेरिकेत १९८५ मध्ये तेच यंत्र वेगळ्या रूपात गेलं तेव्हा कंपनीने बहात्तर पिना केल्या आणि प्रत्येक कॅसेटमध्ये एक कुलूपचिप बसवली. भारतातही ‘समुराई’ या नावाने परवान्याचं यंत्र विकलं गेलं होतं, पण आमच्यापर्यंत पोचलं ते ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ असलं काहीतरी नाव छापलेलं खोकं आणि त्यासोबतची पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९९९ इन १’. आत खेळ दोन-तीन डझन, बाकी तेच खेळ वेगवेगळ्या नावांनी परत परत. कॉन्ट्रा, मारिओ, रोड फायटर, रणगाड्यांचा बॅटल सिटी. सुरुवातीच्या पडद्यावरून कंपनीचं नाव खरवडून काढलेलं. खेळ कुणी बनवला, कुठे बनवला, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. वीज कधी येणार हा प्रश्न मोठा होता.

नंदुरबारच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून मी मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवर एका दुरुस्तीच्या गाळ्यात लागलो. तिथे परदेशातून सुट्टीला आलेल्या एका कुटुंबाने मुलाचा गेमबॉय ॲडव्हान्स आणून दिला. सोबत पोकेमॉनची कॅसेट होती, ती यंत्राला लागत नव्हती. उघडली. आतला बोर्ड इतका नीटस होता की मी गाळ्यातल्या उस्तादांना हाक मारली. पिनांच्या वर, हिरव्या बोर्डावर, कंपनीचं नाव बारीक अक्षरांत उमटवलेलं होतं. प्रत्येक चिपवर छपाई होती. कथिलाचे डाग एकसारखे, जणू एकाच हाताने एकाच श्वासात दिलेले. आमच्या पिवळ्या कॅसेटा मी अनेकदा उघडल्या होत्या. त्यांत बोर्डाच्या मधोमध एक काळा टणक थेंब असायचा, त्याच्याखाली सगळं झाकलेलं, नाव ना गाव. उस्ताद म्हणाले, ‘हा माल आणि तो माल शेजारी ठेव आणि बघत बस.’ गाळ्यात गिऱ्हाईक नसलं की मी तेच करत बसायचो. पुढे दर शुक्रवारी चोरबाजारात जायची सवय लागली. पोत्यांतून कॅसेटा उलथ्यापालथ्या करायच्या, विकत मात्र घ्यायच्या नाहीत. ज्याला पारख करायची, त्याने आधी विकत घेण्याची खाज मारली पाहिजे. हा नियम मी आजही पाळतो. कॅसेटांची खरेदी-विक्री करत नाही. विकणाऱ्याकडून दलाली घेत नाही. देऊ करणारे पुष्कळ भेटले.

बाहेरच्या माणसाला वाटतं की सगळ्यात जास्त नकली माल सगळ्यात दुर्मिळ खेळांचा असेल. तसं नाही. निन्टेन्डोने १९९० मध्ये अमेरिकेत भरवलेल्या स्पर्धेच्या कॅसेटा घ्या. करड्या रंगाच्या नव्वद आणि सोनेरी रंगाच्या सव्वीस, एवढ्याच. अशी एखादी विकायला आली तर जगभरचे जाणकार भिंग घेऊन बसतात, कुठली कुणाकडे होती याची चर्चा होते. तिची नक्कल विकणं म्हणजे पोलीस ठाण्यासमोर पाकीट मारणं. नकली मालाचा खरा पूर असतो तो मधल्या किमतीच्या खेळांना. खेळ लाखोंनी खपलेला असतो, पण ज्यांनी तो शाळेत असताना खेळला, ते आता पगारदार झालेले असतात आणि त्यांना तोच परत हवा असतो. किंमत एवढी की मन मोहावं, आणि एवढी नाही की माणूस कुणाला विचारायला जाईल.

पोकेमॉन एमराल्ड हा त्यातला राजा. जपानमध्ये २००४ मध्ये आणि अमेरिकेत २००५ मध्ये आला. कॅसेट पारदर्शक हिरवी. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत ही सगळ्यांत जास्त दिसते आणि बहुतेक वेळा नकली निघते. पुण्याच्या हिंजवडीत काम करणाऱ्या एका मुलाचा फोन आला होता.

‘दादा, सेलर म्हणतोय ओरिजिनल आहे. रेटिंगपण चांगलंय त्याचं.’

‘त्याला म्हणावं, लेबलचा फोटो परत काढ. खिडकीपाशी धर, उजेड बाजूने पडू दे.’

‘समोरून काढलाय की. मस्त क्लिअर आहे.’

‘समोरून नको. बाजूनेच.’

समोरून पडलेल्या उजेडात असली आणि नकली लेबल सारखंच दिसतं. असली लेबलवर, चिकटवल्यानंतर कारखान्यात एक दोन आकडी खूण दाबलेली असते, कधी पुढे एखादं अक्षर. शाई नसते, नुसता दाब. तिरप्या उजेडात ती सावलीसारखी वर येते. नकली माल बनवणारे लेबलची छपाई हुबेहूब करतात, अगदी कोपऱ्यातला संकेतांकही बरोबर घालतात (एमराल्डच्या अमेरिकी प्रतीवर तो एजीबी-बीपीईई-यूएसए असा असतो), पण दाबाची खूण बऱ्याचदा राहून जाते. हल्ली काही जण तीही दाबू लागले आहेत, आणि घोटाळा असा करतात की शेकडो कॅसेटांवर एकच आकडा.

दुसरा फोटो मी मागतो तो कॅसेटच्या तोंडाचा. पिनांच्या फटीतून आत बघितलं की बोर्डाच्या कडेवर कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. तिसरा पाठीचा. स्क्रू तीन पाकळ्यांचा हवा. साध्या चौफुलीच्या पेचकसाने उघडेल असा असला की माझी भुवई वर जाते. नुसत्या स्क्रूवरून निकाल देत नाही, कारण वीस वर्षांत कुणी दुरुस्तीसाठी उघडून हाताला लागला तो स्क्रू बसवला असेल. आणि चौथा, जमलं तर, उघडलेल्या बोर्डाचा.

त्या मुलाच्या बाबतीत विकणाऱ्याने बोर्डाचा फोटो द्यायला नकार दिला. उलट एक व्हिडिओ पाठवला. खेळ चालू केल्यावर पडद्यावर संदेश येतो की आतली बॅटरी संपली आहे, खेळ चालेल पण घड्याळावर चालणाऱ्या घटना घडणार नाहीत. विकणाऱ्याचं म्हणणं : बघा, जुनी बॅटरी संपली म्हणजे माल जुना, म्हणजे असली. मुलालाही ते पटलं होतं. वरवर बिनतोड आहे खरं. असली एमराल्डमध्ये घड्याळासाठी सीआर १६१६ जातीची छोटी बॅटरी असते, आणि आज ती संपलेलीच असायला हवी. पण नकली बोर्डात पुष्कळदा घड्याळच नसतं. खेळ सुरू होताना घड्याळ शोधतो, ते सापडत नाही, आणि तो तोच संदेश दाखवतो. म्हणजे संदेशावरून दोन्ही गोष्टी निघतात आणि म्हणून एकही निघत नाही. मी ‘सांगता येत नाही, पण घेऊ नकोस’ असं कळवलं. तो चिडला. फी देऊन ‘सांगता येत नाही’ ऐकायला कुणाला आवडतं? पण या कामातलं तेच उत्तर सगळ्यांत जास्त वेळा खरं असतं, आणि ते द्यायची ज्याला लाज वाटते त्याने हे काम करू नये.

गंमत म्हणजे याच मालिकेतल्या फायररेडची गोष्ट उलटी आहे. त्यात घड्याळ नाही, खेळाची नोंद फ्लॅश चिपवर राहते, त्यामुळे असली कॅसेटमध्ये बॅटरी नसते. नकली माल बनवणारे पैसे वाचवायला स्वस्त चिप घालतात, तिला नोंद टिकवायला बॅटरी लागते. तेव्हा ‘नवी बॅटरी टाकलेली फायररेड’ अशी जाहिरात दिसली की विकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली असं समजायचं.

आबांशी या कामाचं नातं जुळलं ते सारंगखेड्याच्या यात्रेत. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो आणि आबा दरवर्षी जातात, स्वतःसाठी क्वचित, नातलगांसाठी घोडा बघून द्यायला नेहमी. घोड्याचं वय दातांवरून काढतात आणि भाव भोवऱ्यांवरून, रंगावरून, देवमण ही शुभ खूण आहे की नाही यावरून चढतो-उतरतो. दात घासून घोडा तरुण करणारेही असतात. मी बघितलं की आबा घोड्याच्या तोंडाला आधी हात लावत नाहीत. मालकाला वय विचारतात, कुठून आणला विचारतात, आणि तो बोलत असताना गप्प राहतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘पहिले त्याले बोलू दे, मंग तोंड उघाड.’ एकदा त्याने सहा वर्षं म्हटलं की मग दात त्या सहा वर्षांशी ताडून बघता येतात. आधीच दात बघितले तर मालक तुमचा चेहरा बघून वय सांगतो.

तेव्हापासून मी फोटो बघण्याआधी जाहिरातीचा मजकूर मागतो, शब्दशः. ‘टेस्टेड, वर्किंग’ यात असलीपणाचा काही दावा नाही, नकलीही चालतेच. ‘फोटोत दिसते तशी’ म्हणजे पुढे भांडायला येऊ नका. ‘मला यातलं काही कळत नाही, माळ्यावर सापडली’ असं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या जाहिराती मी उघडून बघतो. त्याच्या माळ्यावर अशा चाळीस कॅसेटा निघाल्या की उलगडा होतो. ‘रिप्रो’, म्हणजे नव्याने बनवलेली नक्कल, असं स्पष्ट लिहून, रिप्रोच्याच किमतीला विकणाऱ्याशी माझं काही भांडण नाही. तो खेळ विकतोय, इतिहास विकत नाहीये. फसवणूक वस्तूत नसते, तिच्याबद्दल जे बोललं जातं त्यात असते. म्हणून मला आधी बोलणं लागतं.

इथपर्यंतचं काम कुणीही चार महिन्यांत शिकेल. अवघड आहेत त्या अर्ध्या असली कॅसेटा. अमेरिकी निन्टेन्डोवर तायतो कंपनीचा ‘लिटल सॅमसन’ नावाचा खेळ १९९२ मध्ये आला. फार खपला नाही, म्हणून आज सुट्या कॅसेटलाही हजाराहून अधिक डॉलर पडतात. नकली बनवणारा काय करतो? भंगाराच्या भावाने मिळणारी एखादी क्रीडास्पर्धेची असली कॅसेट घेतो. तिचा खोका असली, बोर्ड असली, कुलूपचिप असली. फक्त खेळ असलेल्या चिपा काढून त्या जागी नव्या बसवतो आणि वर नवं लेबल लावतो. वजन बरोबर भरतं, स्क्रू बरोबर असतो, बोर्डावर कंपनीचं नाव आणि सालही असतं. आता काय बघणार?

मग चिपांवरची छपाई वाचावी लागते. कारखान्यातून आलेल्या चिपवर त्या खेळाचं संकेतनाम असतं, आणि बहुतेक चिपांवर चार आकडी तारीख. ९२३८ असेल तर १९९२ सालचा अडतिसावा आठवडा. एका बोर्डावरच्या सगळ्या चिपा काही महिन्यांच्या अंतरातल्या असाव्यात. कुलूपचिप १९८९ ची आणि खेळाच्या चिपांवर काहीच छापलेलं नाही, किंवा छापलेलं घासून काढलंय, तर निकाल लागला. त्याहून सोपी खूण डागांची. कारखान्यात बोर्ड वितळलेल्या कथिलाच्या लाटेवरून जातो, सगळे पाय एकसारखे चमकतात. हाताने काढून बसवलेल्या चिपच्या पायांभोवती फ्लक्सचा पिवळट थर राहतो, एखाद्या पायावर कथील जास्त, एखाद्यावर कमी. लॅमिंग्टन रोडवर माझी उमेदीची वर्षं असले डाग देण्यात गेली, त्यामुळे ते मला लगेच दिसतात. माणसाचा हात यंत्रासारखा चालत नाही, उस्तादांचाही नाही.

न्यू जर्सीतल्या एका काकूंनी एकदा व्हिडिओ कॉल लावला. मुलगा नोकरीला लागून दुसऱ्या राज्यात गेलेला, तळघर रिकामं करायचं होतं, भाचीने माझा नंबर दिला. टेबलावर कॅसेटा मांडून त्या म्हणाल्या, ‘हे बघ बाळा, यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय एवढंच सांग.’ त्यात सुपर निन्टेन्डोवरचा ‘अर्थबाउंड’ होता, १९९५ चा. अमेरिकेत तो मोठ्या खोक्यात, मार्गदर्शक पुस्तकासकट आला होता, आणि त्या पुस्तकाच्या शेवटी खरवडून वास घ्यायची कार्डं होती. मी काकूंना विचारलं, पुस्तक आहे का? होतं. वासाची कार्डं? ‘ती घाण वासाची होय? ती मी तेव्हाच कचऱ्यात टाकली!’ कॅसेटच्या लेबलवर मुलाने बॉलपेनने स्वतःचं नाव लिहिलं होतं, शाळेतल्या वहीवर लिहितात तसं. काकूंना वाटलं त्याने माल खराब केला. बाजारभावाच्या दृष्टीने केलाच, संग्राहक अशा लेबलचे पैसे कापतात. पण मला ते नाव बघून इतकं निवांत वाटलं की सांगता सोय नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची शाई लेबलच्या कागदात मुरलेली होती. नकली विकणारा कधी मालावर पोराचं नाव घालत नाही. बोर्ड तपासला, तोही चोख होता. काकूंनी ती विकली की ठेवली, मी विचारलं नाही.

सीलबंद खेळ मी घेत नाही. म्हणजे त्यावर मत देत नाही. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ची एक सीलबंद प्रत अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, त्या वेळच्या दराने ११ कोटी रुपयांहून जास्त. हा खेळ जगभर एक कोटीहून अधिक खपलेला आहे. दुर्मिळ होती ती प्रत, वाटा या प्रमाणन कंपनीने ९.८ गुण दिलेल्या तिच्या आवरणामुळे. त्या बातमीनंतर माझ्याकडे सीलबंद खोक्यांचे फोटो येऊ लागले. आता सीलबंद मालाची मुख्य अडचण ही की आत बघता येत नाही. उरतो तो प्लास्टिकचा पापुद्रा. जुन्या निन्टेन्डोच्या खोक्यांना पाठीमागे आडवी वितळवलेली शिवण असते, प्लेस्टेशनच्या डब्यांच्या बाजूंना पाकिटासारखी घडी असते, हे सगळं खरं. पण पापुद्रा चढवायचं यंत्र मिठाईच्या दुकानातही असतं. हातात घेऊन, ताण बघून, वास घेऊन कदाचित काही बोलता येईल. फोटोवरून बोलणारा माणूस ज्योतिष सांगतो.

याच्याही पुढची गोष्ट २०२२ मध्ये उघड झाली. जुन्या कम्प्युटर खेळांच्या संग्राहकांत ज्याच्या शब्दाला मान होता, अशा एका युरोपीय गृहस्थाने विकलेले दुर्मिळ खेळ बनावट असल्याचा आरोप त्याच्याच गटातल्या लोकांनी पुराव्यांसकट केला. त्यात रिचर्ड गॅरियटच्या ‘अकालाबेथ’ सारखे खेळ होते. अकालाबेथ हा गॅरियटने शाळकरी वयात लिहिलेला खेळ. सुरुवातीला तो प्लास्टिकच्या झिप पिशवीत, झेरॉक्स काढलेल्या सूचनांसकट विकला गेला होता. आरोप असा की लेबलं नव्या प्रिंटरवर छापलेली होती आणि काही फ्लॉप्यांवर खेळच नव्हता. इतकी वर्षं कुणाला शंका आली नाही, कारण इतक्या महाग वस्तू कुणी चालवून बघत नाही, आणि शंका आली तर विचारायचं त्यालाच होतं.

मला यातला दगा तर लागलाच, पण त्याहून एक जास्त खटकतं. कारखान्याचा माल ओळखणं सोपं असतं. कारखाना तेच ते परत परत करतो, म्हणून जे वेगळं ते चुकीचं. जो माल कुणी घरात बसून, कात्रीने कापून, झेरॉक्स काढून बनवला, त्याला नमुनाच नाही. तिथे वेगळं असणं हाच नियम. माझ्या तिन्ही उत्तरांतलं पहिलं तिथे जवळपास निरुपयोगी ठरतं.

आणि आपल्याकडचा माल नेमका असाच आहे. भारतात बनलेले प्लेस्टेशन २ वरचे खेळ त्यातल्या त्यात सोपे. २००९ चा ‘हनुमान : बॉय वॉरियर’, २०११ चा ‘रा.वन’, २०१३ चा ‘डॉन २’. हे कंपनीने छापलेल्या तबकडीवर आले. छापलेली तबकडी खालून चंदेरी असते, आतल्या कड्यावर कारखान्याचे बारीक संकेत असतात. घरी लिहिलेली तबकडी जांभळट दिसते. आपल्याकडे बहुतेकांनी यंत्राला ‘चिप मारून’ घेतलेली होती आणि जांभळ्या तबकड्यांवरच जग चाललं होतं, त्यामुळे या खेळांच्या असली प्रती मला फार कमी बघायला मिळतात. आज परदेशातले संग्राहकही त्या विचारतात.

अवघड आहे ती पिवळी कॅसेट, माझ्या लहानपणची. गेल्या काही वर्षांत लोक विचारू लागलेत, ‘ही नव्वदच्या दशकातली आहे का?’ म्हणजे त्यांना नकली कॅसेट असली हवी आहे. पहिल्यांदा मी हसलो. नंतर लक्षात आलं की प्रश्न अगदी बरोबर आहे. तेव्हाची नक्कल ही त्या काळाची वस्तू आहे, आणि आज त्या नकलेचीही नक्कल बनते. तीच पिवळी, तेच भडक चित्र, तेच ‘९९९९९९ इन १’. विकणारे खुशाल ‘व्हिंटेज’ म्हणून तिप्पट भाव लावतात. मग मी तीच तपासणी करतो. तेव्हाचं प्लास्टिक जाड, कडा बोथट. बोर्ड कॅसेटभर पसरलेला. आजच्या बोर्डाचा तुकडा बोटाएवढा, बाकी खोकं पोकळ, हलवलं की खुळखुळतं. लेबलची छपाई भिंगाखाली ठिपक्यांच्या ओळींत दिसली तर छापखान्याची, विस्कटलेली फवारणी दिसली तर इंकजेटची. कधी मागे दुकानाचा रबरी शिक्का असतो, जांभळ्या शाईचा, ‘गॅरंटी नाही’ असं लिहिलेला. तो दिसला की मी बाकी फार तपासत नाही.

पण यापुढे मला जाता येत नाही. अमेरिकी किंवा जपानी कॅसेटचा प्रश्न आला तर जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेल्या याद्या हाताशी आहेत. कुठला बोर्ड, कुठल्या चिपा, कुठल्या साली, आतल्या माहितीची बेरीज किती यायला हवी, सगळं नोंदलेलं. एखादी कॅसेट माझ्याकडे प्रत्यक्ष आली तर रीडरवर वाचून ती त्या नोंदीशी ताडता येते. धुळ्या-मालेगावच्या दुकानांतून आपल्या घरी आलेल्या कॅसेटांची अशी यादी मला कुठे सापडलेली नाही. त्या कुणी आणल्या, कुठल्या मार्गाने खानदेशात पोचल्या, कुठल्या वर्षी काय भावाने विकल्या गेल्या, हे ज्यांना माहीत असेल ते दुकानदार आता म्हातारे झाले आहेत. आम्ही तेव्हा नकली म्हणून हिणवलं नाही, कारण असली माहीत नव्हती. आता असली माहीत झाल्यावर नकली म्हणून भंगारात देतोय. मला हे अडाणीपणाचं वाटतं. पारख करणाऱ्याला दोन्ही लागतात.

म्हणून, माझी फी न घेता, एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर, फडताळात, जुन्या टीव्हीच्या खोक्यात अशी कॅसेट असेल तर ती स्पिरिटने पुसू नका, लेबल ओलं करू नका, सुरीने स्क्रू फिरवू नका. फोटो काढायचा तर खिडकीपाशी, उजेड बाजूने घेऊन काढा. आणि ती कुठल्या गावातल्या कुठल्या दुकानातून, साधारण कुठल्या वर्षी, किती रुपयांना घेतली, हे घरातल्या मोठ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी कॅसेटच्या सोबत ठेवा.